पहिली करंडी

प्रांतसाहेबांच्या निकालपत्रात असे नमूद होते की, अव्वल कारकून अण्णा करंबेळकर यांनी वरिष्ठांना भेटी पोचवून आपल्या मुलाची नेमणूक करवून घेतली, आणि ही गोष्ट 'खात्याच्या दक्षतेमुळे' उघडकीस आली. मुलगा दत्तात्रेय याचा दोष आढळला नाही. अण्णांची नोकरी गेली, पेन्शनही गेले.

या दक्षतेची थोडी ओळख करून घ्यावी. अण्णांची आंब्यांची करंडी दर चैत्रात रत्नागिरीच्या टेकडीवरील प्रांतसाहेबांच्या बंगल्यात जात असे. तिचा घमघमाट चढणभर दरवळे. एकामागून एक साहेब येत गेले. सर्वांनी ते आंबे खाल्ले, एकाने तर बाठाही चोखला, आणि एवढ्या वर्षांत दक्षतेला साधी शिंकही आली नाही. आंबा न खाणारे साहेब आले, तेव्हा कुठे ती जागी झाली. म्हणजे खाते ज्याला दक्षता म्हणत होते, ते साहेबांचे पथ्य होते.

आणि पथ्याला कान नसतात. साहेबांच्या कानी हे कोणीतरी घातले होते. ते कोणी, याविषयी अण्णांच्या मनात शंका नव्हती.

मुलाला माणसे जोडायला शिकवावे, हे अण्णांचे व्रत होते. दत्तू लहान असतानाच त्यांनी करंडीचे एक टोक त्याच्या हाती दिले आणि बापलेक टेकडी चढू लागले. उन्हाने जांभा तापला होता. वाटेवर दुसरे कोणी नव्हते.

"बाजारातले का नाही घेतले, अण्णा?"

"बाजारातलं कुणीही देतो. द्यायचं ते घरातलं. आणि देताना आपल्या पोटात कळवळलं पाहिजे. तरच घेणारा लक्षात ठेवतो."

"पण विहिरीमागच्या कलमाचा पहिला आंबा भैरीदेवाला, असं आई म्हणते."

"भैरी कुठे जातो? साहेबाची बदली होते."

बंगल्याच्या मागच्या दाराशी अण्णांनी केरू बटलरच्या मुलीच्या तापाची आस्थेने चौकशी केली. उतरताना दत्तूने विचारले, "तुम्हाला तिची काळजी वाटत होती?"

"तिचा बाप दार उघडतो," अण्णा म्हणाले.

पुढे त्या साहेबाची बदली झाली. निरोपाला दत्तूने आपण होऊन करंडी भरली. अण्णांनी ती परत माजघरात नेऊन ठेवली. "उतरणाऱ्याला नमस्कार पुरे. करंडी चढणाऱ्याला."

मिरकरवाड्याच्या लवूशी दत्तूची गट्टी होती. लवूचा बाप मासेमारीच्या मचव्यावर तांडेल. "हा तुला कोणत्या दारातून आत नेणार?" अण्णांनी विचारले. दत्तू थोडे रडला, मग लवूकडे जाईनासा झाला. शिक्षण अंगी लागते आहे, हे पाहून अण्णांना समाधान वाटले.

दत्तू कचेरीत लागला, तो काशीरामच्या भाच्याचा अर्ज मागे सारून. काशीराम म्हणजे कचेरीतला दुय्यम कारकून आणि परसाच्या दगडी गडग्यापलीकडचा शेजारी. तो तेव्हा काही बोलला नाही. न बोलणारा माणूस अण्णांना नेहमीच संशयास्पद वाटे.

मग हे नवे साहेब आले. करंडी तशीच परत आली. अण्णा हवालदिल झाले. पण दिवाळीनंतर साहेबांनी दत्तूला आपल्या खास दफ्तरात घेतले. अण्णांना धन्य धन्य वाटले.

"काय दिलंस रे?" त्यांनी हसत विचारले.

"तुम्ही शिकवलंत तेच," दत्तू म्हणाला.

माघात चौकशी लागली. समोर कागद नसताना साहेबांनी विचारले, "भैरी कुठे जातो, साहेबाची बदली होते. हे आपलेच वाक्य ना?"

अण्णांना गडगा आठवला. गडग्यापलीकडचे कान आठवले.

साक्षीला काशीराम उभा राहिला आणि एवढेच म्हणाला, "शेजारी आहेत. त्यांच्या करंडीत डोकावायची मला सवय नाही." हा कावेबाजपणा अण्णांनी ओळखला. विष घालणारा कधी हात दाखवीत नाही.

निकाल लागला त्या संध्याकाळी अण्णा ओटीवर बसले होते. गोदाबाई दाराशी उभ्या राहिल्या. लग्न झाल्यापासून त्या अण्णांच्या सांगण्यावरून भैरीच्या वाटणीचे आंबे करंडीत भरत आल्या होत्या.

"काशीरामभावोजी येऊन गेले," त्या म्हणाल्या. "कलेक्टरकडे अपील करा म्हणतात. मसुदा ते करून देतील."

"गळा कापून आता मलम घेऊन आला काय? पुन्हा आला तर गडग्यावरूनच वाटेला लाव त्याला."

"तुम्हाला सगळीकडे काशीरामच दिसतो."

"मग दुसरं कोण आहे?"

गोदाबाई आत गेल्या.

दिवेलागणीला दत्तू आला. अव्वल कारकुनाच्या जागेवर त्यालाच बसवल्याचे त्याने सांगितले. मग पुढे होऊन अण्णांना वाकून नमस्कार केला. अण्णांचे डोळे भरून आले. जागा घरातच राहिली होती.

"हे बघ," ते म्हणाले, "अपील करायचंय. साहेबांनी दोन बऱ्या ओळी लिहिल्या तर पेन्शन तरी वाचेल. तुझ्या आईचं बघायला हवं. तू त्यांच्यापाशी शब्द टाक."

"माझा शब्द आता नाही चालायचा, अण्णा."

"का? एवढा जवळचा झालास ना त्यांच्या? करंडीसुद्धा न घेणाऱ्या माणसाच्या इतका जवळ तू गेलास तरी कसा?"

दत्तूने खांद्यावरचे उपरणे काढून नीट घडी केली. त्याने दिलेले उत्तर शब्दशः असे:

"साहेब आंबा खात नाहीत. बाजारातलं देऊ नये, घरातलं द्यावं, पोटात कळवळेल असं द्यावं, हे तुम्हीच शिकवलंत. घरात तसं तुमच्याशिवाय काही नव्हतं. मीच सांगितलं त्यांना सगळं. कळवळलं हो पोटात, अण्णा."