नऊशे आकडे

कापसाच्या वेचणीत सुकदेवची आठ दिवस शाळा बुडाली. परत गेला तर मॅट्रिकच्या वर्गात सगळ्यांच्या हाती लॉगचं कोष्टक. कोष्टक म्हणजे पाठ करायचं, हे त्याला पावकी-निमकीपासून ठाऊक. कुणाला विचारायच्या भानगडीत तो पडलाच नाही. मेहरूणच्या मळ्यात त्याचे वडील, आबा, मोट हाकायचे आणि हा बैलांच्या बाजूने चालत घोकायचा, "शून्य, त्रेचाळीस, शहाऐंशी, एकशे अठ्ठावीस..." अडला की ऐकून ऐकून आबाच पुढचा आकडा सांगायचे. दोन महिन्यांत नऊशेपैकी जेमतेम शंभर झाले. सुकदेवने हाय खाल्ली आणि शाळा सोडतो म्हणून सांगायला मास्तरांकडे गेला.

पाठांतराचं ऐकून मास्तरांनी कपाळाला हात लावला. "दहाचा कितवा घात केला की हजार होतात?"

"तिसरा."

"मग हजाराचं लॉग तीन. शंभराचं?"

"दोन." सुकदेव थबकला. "म्हणजे लॉग म्हणजे नुसता घातच?"

"दुसरं काय! मधल्या संख्यांचे घात कोष्टकात बघायचे. परीक्षेतही ते हाताशी देतात, लेका."

सुकदेव पिसासारखा हलका होऊन घरी आला, आबांना सगळं सांगितलं आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवरून आवाज आला, "शून्य, त्रेचाळीस, शहाऐंशी..."

सुकदेव धावत गेला. "आबा, आते पाठ करानं काम नही!"

"माले समजनं रे भाऊ," आबा म्हणाले, "पन या बैल आते दुसरं गानं आयकतसच नही."