नागमोडी उजेड

“डोकं दुखतंय जरासं. बाकी मजेत,” आन्सेल्मो फोनवर म्हणाला.

पेत्रोनाचा कणीस सोलणारा हात थांबला. “डोळ्यांपुढं नागमोडी उजेड दिसतोय?”

“तू जेवलीस का, आई?” हातोड्यांच्या आवाजात त्यानं विचारलं.

“विचारतेय मी.”

“दिसतोय. पण आई, इथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अर्धशिशी आहे.”

“फिटचं सांगितलंस त्यांना?”

“नाही.” फिट येणाऱ्याला छपरावर कोण चढू देणार? अकरा वर्षांपूर्वी तो ग्वाटेमालाच्या डोंगरातून कागदांशिवाय टेक्सासला गेला. तिथं घरांची छपरं घालायचा. एकदा माघारी आला की परत जाणं नव्हतं, म्हणून आलाच नाही.

त्याचं दुखणं पेत्रोनाला लहानपणापासून पाठ होतं. नुसतं डोकं दुखलं तर झोपून उतरायचं. आधी तो उजेड आला, की मागोमाग फिट. अर्धशिशी वेगळी, फिट वेगळी, असं म्हणत गावचा डॉक्टर तिला हसला होता.

“आत्ता कुठं आहेस?”

“छपरावर.”

“खाली उतर.”

“मुकादम ओरडेल, आई.”

“ओरडू दे. त्याला काही मी जन्म दिलेला नाही. उतर!”

शिडी करकरली. पाय जमिनीला लागल्याचा आवाज आला. मग फोन कशावर तरी आपटला.

“काकू, मी तिबुर्सियो, ह्याच्याबरोबर काम करतो,” कुणीतरी ओरडलं. “ह्याला झटके येतायत! तोंडात चमचा घालू?”

“काही घालू नकोस. कुशीवर वळव. डोक्याखाली तुझा सदरा दे. आणि फोन त्याच्या कानाशी धर.”

ती त्याला हाका मारत राहिली. अशा वेळी त्याचं डोकं ती मांडीवर घ्यायची. आज मांडीवर मक्याची सालं होती.

“थांबले झटके, काकू.”

बऱ्याच वेळाने जड जिभेने आन्सेल्मो म्हणाला, “आई... तुझा आवाज... मी घरी कधी आलो?”

फिटनंतर त्याला घटकाभर काही उमगत नसे. तिबुर्सियो घाईने सांगायला लागला, “अरे, घरी कुठला, तू तर...”

“सांगू नकोस रे त्याला,” पेत्रोना म्हणाली. मग लेकाला म्हणाली, “आत्ताच आलास, बाळा.”