एकच पेला

"बाप्तिस्मा का घ्यायचाय?" माझ्या यजमानांनी, म्हणजे मंडळीच्या पाळकांनी विचारलं, तेव्हा संडास झाडणारी कौसाबाई सगळ्यांदेखत म्हणाली होती, "पाळकीणबाई माझ्या घरी येऊन माझ्याच कपातनं चहा प्याल्या, म्हणून." मी मनातून केवढी सुखावले होते!

आज तिचं पहिलं प्रभुभोजन, भाकर आणि द्राक्षरस वाटून घेण्याचा विधी. आजवर सगळ्यांच्या ओठांना लागणारा चांदीचा पेला चर्चच्या वडीलमंडळींनी कपाटातच ठेवला. ट्रेमधून प्लास्टिकचे इवलेसे ग्लास आले.

"बाई, सगळ्यांना एकच पेला असतो म्हणाला होतात ना?" तिनं हळूच विचारलं.

"साथीचे दिवस आहेत गं," मी म्हणाले. साथ कुठेच नव्हती.

कौसाबाईनं द्राक्षरस प्यायला, बाहेरच्या नळावर ग्लास विसळला आणि बाकीच्या ग्लासांपासून हातभर लांब, सवयीनं पालथा घातला.