सगळ्यात जाड ग्रिप

मूठ पुरती वळेनाशी झाली, तेव्हापासून विलासराव गोल्फच्या काठीला दरवेळी आधीपेक्षा जाड रबरी ग्रिप लावून घेत. आज राजा पार्क बाजारातल्या खेळाच्या सामानाच्या दुकानात सगळ्यात जाड ग्रिपची काठीसुद्धा त्यांच्या हातातून निसटली.

"इससे मोटी नहीं आती, सर," दुकानदार काठी उचलत म्हणाला.

"शालू, हीच घेऊ. थोडी सवय झाली की जमेल," असं बायकोला सांगून ते हातमोजे बघायला पलीकडे गेले. डाव्या हाताचा, नेहमीच्याच मापाचा मोजा मागितला.

ते पाठमोरे झाल्यावर शालिनीताईंनी पर्समधून घरचा जेवणाचा चमचा काढला आणि हळूच काउंटरवर ठेवला.



"भैया, काठी रहने दो. ये ग्रिप इस पे चढ़ा दो."