पिवळी रेघ

कारखान्यात चहाचा पहिला घोट घेतानाच रेवतीला आठवलं, टेम्पोच्या मागच्या चाकाचे नट आवळायचे राहिले. त्यांच्यावर पिवळी रेघ मात्र मारून झाली होती. नट आवळल्यावरच ती मारायची असते. पण चहाच्या घंटेआधीच्या घाईत रेवती रेघ आधी उरकायची. आता रेघ बघून चाकाला कुणी हात लावणार नव्हतं.

कप टाकून ती धावली. ड्रायव्हर टेम्पो चाचणीला काढतच होता. "थांबा हो!" म्हणत ती चाकापाशी बसली. नटावरून चाकावर ओढलेली प्रत्येक रेघ मधोमध तुटली होती. म्हणजे नंतर नट फिरला होता. कुणीतरी आवळला होता! तिच्या जिवात जीव आला.

पलीकडचं चाक बसवणाऱ्या कुंदाताई मागे उभ्या होत्या. "तुझे नट आवळता आवळता माझा चहा रोज गार होतो."

"रोज?" रेवतीने तुटलेल्या रेघांवरून बोट फिरवलं.

"आण तो रेघेचा पेन. आजपासून माझ्याकडे. नट आवळलेस की मागून घ्यायचा."

दुपारच्या चहाची घंटा झाली. शेवटचा नट आवळून रेवतीने हात पुढे केला. "ताई, पेन."

कितीतरी दिवसांनी कुंदाताईंना गरम चहा मिळाला.