चावडीवरचा रेडिओ

मुलगी गाणं शिकायला मुंबईला पळून गेली, तेव्हा "ती आम्हाला मेली" असं धोंडूअण्णा गुरवांनी गावभर सांगितलं होतं. आज तिचं रेडिओवर पहिलं गाणं होतं. नाटक ऐकायच्या निमित्ताने अण्णा संध्याकाळीच चावडीवर येऊन बसले.

नाटक संपलं. "गायिका कुमुदिनी गुरव," निवेदक म्हणाला. तंबोरा वाजू लागला, तोच गलका उठला, "गाणं नको! दुसरीकडं कुस्तीचं वर्णन लागलंय, ते लावा!"

रेडिओ सांभाळणारा शिवराम अण्णांकडे वळला. "अण्णा, पोरीचं गाणं हाय. ठेवू का?"

सगळे अण्णांच्या तोंडाकडे बघू लागले.

"कुस्ती लाव," अण्णा म्हणाले.

घरी बायको दारातच वाट बघत होती. "कशी गायली हो आपली कुमुद?"

"लोकांनी ऐकूच दिलं न्हाई."