दिनानाथांचा कडू घास

"जित्या माणसाचा फोटो शूटिंगवाल्यांना देऊ नको, गो. हार चढवतील ते," शेजारच्या गिरजाबाईंनी शकूला बजावलं होतं. शकू बी.ए. झालेली. "हार कागदाचा असतो, मावशी," असं म्हणून तिनं सासऱ्यांचा फोटो भिंतीवरून उतरवला, पदरानं पुसला आणि त्यांच्या पिशवीत घालून दिला.

आज सकाळी ती तान्ह्या लेकीला कडेवर घेऊन अष्टमी गावातल्या घराच्या दारात उभी होती. सासरे, दिनानाथ, पूल ओलांडून रोह्याच्या बाजारात मासळी आणायला गेले होते, आणि त्यांना उशीर झाला होता. उशीर म्हटला की शकूच्या डोळ्यांपुढं पुलावरचे ट्रक यायचे. बाळ झाल्यापासून तर तिला सगळीकडं ट्रकच दिसायचे.

आल्या त्या धोंडुबाई. दिनानाथांची थोरली बहीण, पेणच्या खाडीकडं मिठागराच्या गावात दिलेली. डोक्यावरचा पदर ढळलेला, हातात फडक्याचं गाठोडं. कोपऱ्यापासूनच त्यांनी हंबरडा फोडला होता.

"माझा दिना गेला, गो! एकटीनं कसं सोसलंस, गो माझे बाय!"

येताना पुलावर काही बघून आल्या की काय? शकूनं चौकट धरली. "कुणी... कुणी सांगितलं, आत्याबाई?"

"सांगायला कशाला पायजे? काल आख्ख्या गावानं टीव्हीत बघितला. फोटोला हार, फुडं दिवा!"

शकूनं श्वास सोडला. मग गाठोड्यातून पिठल्याचा वास आला. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून आप्तांनी शिजवून न्यायचा तो कडू घास. म्हातारीनं पहाटे उठून भाकऱ्या थापल्या होत्या आणि नागोठण्याच्या वाटेनं, एसटीच्या धक्क्यांत, त्या मांडीवर धरून आणल्या होत्या.

"आत्याबाई, ती मालिका होती. मामंजींनी काम केलंय त्यात."

"मला येडी समजतेस? त्याचं काम मला ठावं नाय? कामात त्याला मिशी असते! आणि फोटो तर घरातला, माझ्या पोरीच्या लग्नातला. कामात मेलेल्याला कोण घरच्या फोटोवर हार घालतो?"

धाटावच्या कंपनीत शिफ्ट बदलून घेत घेत दिनानाथांनी सिनेमांत, मालिकांत जन्म काढला होता. हवालदार, तलाठी, पोस्टमन, गोळी लागून पडणारा रखवालदार. दर वेळी निराळी मिशी, निराळी टोपी. नाव पडद्यावर आलंच तर वाचायच्या आत सरकायचं. लोक म्हणायचे, "ह्याला कुठंतरी बघितलाय." या मालिकेच्या दिग्दर्शकानं पहिल्यांदाच सांगितलं होतं, आहात तसेच या, फोटोही घरचाच आणा.

इतक्यात फाटक वाजलं. दिनानाथ आत आले. पिशवीतून बोंबलांच्या शेपट्या बाहेर लोंबत होत्या.

धोंडुबाई बघतच राहिल्या. मग धावल्या आणि भावाच्या छातीवर दोन्ही मुठींनी मारू लागल्या. "मेल्या! आम्ही तिकडं ऊर बडवतोय आणि तू म्हावरं आणतोस!"

"तरी मी म्हटलं व्हतं हिला," कुंपणापलीकडून गिरजाबाई बोलल्या.

दिनानाथांनी आधी बहिणीकडं पाहिलं, मग गाठोड्याकडं. सगळं त्यांच्या ध्यानात आलं. हसले नाहीत. बहिणीला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं आणि समोर उकिडवे बसून हळूच विचारलं, "बाय, रडू कधी आलं? हार दिसला तवा?"

"हाराच्या आदी."

"आदी? कधी?"

"तू खाटेवर बसून त्यातल्या सुनेला म्हणालास, दार लोटून घे, गार लागतंय. तवाच कळलं मला, आता हा राहत नाय."

दिनानाथ आणखी पुढं सरकले. मग म्हणाले, "आणि गाव?"

"आज मिठागरावर कोणी गेला नाय."

त्यांनी मान खाली घातली. वर केली, तेव्हा डोळे भरलेले होते आणि ताठ मानेनं ते बसले होते. "आजवर मी पडद्यावर मेलो, की लोक चहा टाकायला उठायचे. शकू, ताट आण."

"आपल्याच मयताचं खातोस, रे?" धोंडुबाईंनी गाठोडं मागं ओढलं.

"माझ्या कामाचं खातोय, बाय. सोड."

त्यांनी गाठ सोडली, भाकरी मोडली, पिठल्यात बुडवली आणि सावकाश खाल्ली. एक कण नातीच्या ओठाला लावला. लेकीचं दूधसुद्धा तीनतीनदा हातावर पारखून घेणारी शकू. तिनं त्यांचा हात अडवला नाही. उलट कुंपणाकडं वळून मोठ्यानं हाक मारली, "या हो गिरजामावशी, जेवायला! आमच्या मामंजींची भाकरी आलीय, पेणहून!"

धोंडुबाई दुपारच्या एसटीनं परत गेल्या. राहा म्हटलं तर ऐकेनात. गावाला सांगायचं होतं. फाटकातून मात्र पुन्हा मागं आल्या, भावाचं मनगट दाबून पाहिलं, आणि मगच गेल्या.

तेव्हापासून शकूचा जीव खालीवर होतोय. येत्या मंगळवारी मालिकेत दिनानाथांचं तेरावं आहे. तोच फोटो, तोच हार. म्हातारी घरात एकटी असते, आणि छाती अजून धडधडते म्हणत होती. तर मंगळवारी संध्याकाळी तुमच्यापैकी कुणी पेणच्या खाडीकडं असाल, तर धोंडुबाईंच्या घरात जरा डोकावा, टीव्ही संपेपर्यंत त्यांच्याजवळ बसा. जाताना हातात भाकरी मात्र नेऊ नका.